दुसऱ्या वहीतली नोंद

न्यू ऑर्लिन्स, त्रेमे
रविवार, १२ मार्च १८९३

प्रिय ओदाली,

तुला आणि गुस्तावला अनेक आशीर्वाद, लेओनीदला त्याहून थोडे जास्त. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकत बसले तर चूल पेटायची नाही. ईस्टर तोंडावर आलाय, त्यामुळे चर्चच्या कपड्यांचा हा ढीग. वेदीची कापडं, फादरांचे पांढरे झगे, त्यांच्या झालरी, सगळं अजून माझ्याच हातून जातं. नवीन पोरींना खळ करता येत नाही. पातळ करतात, नाहीतर पिठलं करून ठेवतात.

तुझं पत्र गुरुवारी आलं. लेओनीदचं ठरलं! ती ओळ वाचताना इस्त्री हातातच राहिली आणि झग्याची एक बाही करपली. फादरांनी विचारलं तर सांगेन, सैतानाने फुंकर मारली. तिचा फोटो आरशाला टेकवून ठेवलाय. हनुवटी थेट आईची. मार्टिन दिसायला बरा आहे असं तू लिहितेस आणि मग अर्धं पान त्याच्या आईबद्दल लिहितेस. त्यावरून कळलं काय ते.

इकडची बातमी म्हणजे शेजारच्या अझेमा आणि युरेझीचं पुन्हा वाजलं. तुला आठवतात ना, टोपीवाल्याच्या मुली? सख्ख्या बहिणी, एका आईबापाच्या. तीन वर्षांपूर्वी जनगणनेवाला दारात आला, तेव्हा अझेमा चुलीपाशी घामाघूम होती आणि युरेझी तोंडाला पावडर लावून बाहेर निघाली होती. त्याने एकीला बघून लिहिलं म्युलात्र आणि दुसरीला बघून ओक्तोरोन. एकाच घरात एक निम्मी काळी आणि एक आठवा हिस्सा! तेव्हापासून युरेझी भांडी घासत नाही. परवा अझेमा अंगणातून ओरडत होती, "अगं ए आठवा हिस्सा, निदान आठवं भांडं तरी घास!" अख्खी गल्ली हसली. युरेझी मात्र खरंच रडत होती. मी तिला कॉफी दिली आणि म्हटलं, "पोरी, आता गाडीला डबेच दोन आहेत, एक गोऱ्यांचा, एक बाकी सगळ्यांचा. तू कुठल्याही हिश्शाची अस, बसायचं आमच्याबरोबरच." तर तिला आणखी रडू आलं.

आता तू लिहिलंस त्याबद्दल. मार्टिनचे काका स्वतः फादर आहेत आणि लग्न तेच लावणार, म्हणून त्यांना लेओनीदच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा. तू लिहितेस, "ताई, त्यात काळजी कसली? नोंद गोऱ्यांच्या वहीत आहेच. काका परस्पर आपल्या चर्चला पत्र टाकतील, फादर उतरवून पाठवतील, झालं."

इतकी घाई कशाला गं? लग्न जूनमध्ये. मागे पाणी शिरलं तेव्हा वह्यांना ओल लागली होती, काही पानं चिकटलीत. म्हातारे फादर गेले. नवे फादर वेंडेल तरुण आहेत, आपलं फ्रेंच तोंडात गारगोटी धरून बोलतात. त्यांना काय सापडणार? काकांना एवढ्यात पत्र टाकू देऊ नकोस. मी आधी चौकशी करते. सेंट लुइसमध्ये तेवीस वर्षं तुम्ही गोरे म्हणून राहिलात, कोणी बोट दाखवलं नाही. एवढ्या एका कागदासाठी उतावीळ होऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

अंजिराला पालवी फुटलीय. बाकी सगळं ठीक. काकांना थांबव.

तुझी ताई,
सेलानीर


न्यू ऑर्लिन्स
रविवार, ९ एप्रिल १८९३

प्रिय ओदाली,

आशीर्वाद. ईस्टर छान झाला. वेदीचं कापड इतकं ताठ होतं की टेबल काढून घेतलं असतं तरी उभं राहिलं असतं. फादर वेंडेल प्रवचनात काय बोलले ते कोणाला कळलं नाही, पण सगळे भक्तिभावाने रडले.

तुझं पत्र वाचलं. काकांनी माझी वाट न बघता पत्र टाकलंसुद्धा. बरं. टाकलं तर टाकलं.

दुसरंही वाचलं. लग्नानंतर मार्टिनच्या आईचं येणंजाणं वाढेल, तेव्हा आपली पत्रं थांबवलेली बरी, असं तू लिहितेस. पुढे लिहितेस, "ताई, तू समजून घेशीलच." घेते की. आजवर न समजता मी काय केलंय? तू गेलीस तेव्हा समजून घेतलं, आई गेली आणि तू आली नाहीस तेव्हाही घेतलं. आता ही शेवटची दोनचार पत्रं असतील तर मला सविस्तर लिहू दे. मध्येच तोडू नकोस.

फादर वेंडेलना बिशपांनी जुन्या वह्यांची सूची करायला सांगितलीय. मी धुतलेले झगे घेऊन चर्चमागच्या खोलीत जाते तर हे वह्यांच्या ढिगात बसलेले. लाल कातडी वह्या गोऱ्यांच्या, करड्या कापडी आपल्या. चष्मा कपाळावर, नाकाला शाई.

"मादाम सेलानीर, हे ग्रिफ म्हणजे काय? ही एखादी जमात आहे का?"

मी म्हटलं, "नाही फादर, हा हिशेब आहे."

"कसला?"

मग मी त्यांना शिकवलं. एक काळा, एक गोरा, त्यांचं मूल म्युलात्र, म्हणजे निम्मं. म्युलात्र आणि गोऱ्याचं मूल कार्तरोन, म्हणजे पाव काळं. कार्तरोन आणि गोऱ्याचं ओक्तोरोन. आणि म्युलात्राने उलटीकडे जाऊन काळीशी लग्न केलं, तर पोर ग्रिफ, पाऊण काळं. ते कागदावर पाढे लिहावेत तसं लिहून घेत होते.

"आणि हे मोजायचं कोणी?"

"फादरांनी. बाप्तिस्म्याच्या वेळी, बघून."

"मी? मला तर चष्म्याशिवाय कुंड दिसत नाही!"

मग त्यांनी वहीतून तुझ्यामाझ्या आईचं नाव काढलं आणि चक्रावले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई ग्रिफ. लग्नाच्या नोंदीत म्युलात्र. माझ्या बाप्तिस्म्याला, आई म्हणून, कार्तरोन. आणि दहा वर्षांनी तुझ्या बाप्तिस्म्याला तिच्या नावापुढे काहीच नाही, नुसतं मादाम. "ही एकच बाई आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एकच, फादर. पहिल्या वेळी तिला अंगावर कपडा नव्हता, दुसऱ्या वेळी सुती होता, तिसऱ्या वेळी रेशमी, आणि चौथ्या वेळी डोक्यावर पॅरिसची टोपी." ते हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. मीही हसले. घरी येताना मात्र हसू आलं नाही. आईने ती टोपी मिळवायला किती वर्षं दुसऱ्यांच्या घरची लेस विणली, ते तुला ठाऊक नाही. तू तेव्हा जन्मलीच नव्हतीस.

आणि हसण्यासारखं माझं तरी काय आहे? न्यूमा तुला आठवतो? सिगार वळायचा तो. दर रविवारी चर्चच्या पायरीवर हॅट हातात घेऊन उभा असायचा. त्याने मला विचारलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मला तो आवडत होता. आज पहिल्यांदा कोणाला तरी लिहून सांगतेय. आई म्हणाली, "ग्रिफच्या घरात? वर चढायला आम्ही तीन पिढ्या घालवल्या आणि तू पायऱ्या उतरणार?" मी त्याला नाही म्हटलं, आणि तेही साधं नाही. म्हटलं, "आमच्याकडे पाऊण चालत नाही." असं म्हटलं मी, ओदाली. या तोंडाने. तो नीट हॅट घालून निघून गेला. आता त्याला सहा मुलं आहेत आणि रस्त्यात दिसला की अजून हॅट उचलतो. मी मान हलवते आणि पलीकडच्या बाजूला जाते.

मला आईचा नव्हे, बाबांचा रंग आला. कार्तरोनांच्या घरात मी जरा जास्तच भाजलेली निघाले. तू दुधासारखी. शेजारच्या बायका पाळण्यात बघून म्हणायच्या, "ही तर सुटली!" तेव्हा मला वाटायचं, आजारातून सुटलीस.

दाखल्याचं विचारशील. वह्या टेबलावरच होत्या. मी तुमचं पान उघडून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती म्हणून नव्हे, धीर झाला नाही म्हणून.

आज एवढंच जमतंय. हात दुखतो.

तुझी ताई,
सेलानीर


न्यू ऑर्लिन्स
शनिवार, २२ एप्रिल १८९३

प्रिय ओदाली,

आशीर्वाद. हे पत्र पोस्टात उभ्याने वाचू नकोस. घरी जा, दार लाव, बस. गुस्ताव घरी असेल तर त्यालाही आधी दाखवू नकोस.

लेओनीदची नोंद लाल वहीत नाही. कधीच नव्हती.

मी तुला तेवीस वर्षांपूर्वी खोटं सांगितलं. काय झालं ते आता सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहिते.

फेब्रुवारीचा सतरावा दिवस होता, १८७०. तू बाळंतिणीच्या खोलीत, चाळीस दिवस बाहेर निघायचं नाही. गुस्ताव सेंट लुइसला घर बघायला गेलेला. तू मला पलंगावर बसवून सगळं पढवलं होतंस. बाळाची ननेन, धर्ममाता, म्हणून मादाम आल्सेने उभं राहायचं. तीही आपल्यातलीच, पण मेणासारखी गोरी. तिच्या मांडीवर ते गोरं बाळ बघून फादर आपोआप लाल वही ओढतील. कोणी काही बोलायचं नाही, काही खोटं सांगायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. आणि मी? मी त्या दिवशी चर्चला येऊच नये. तू हे किती गोड शब्दांत सांगितलंस. "ताई, तुला दगदग नको."

आपल्याकडे पहिल्या बाळाची ननेन आईची थोरली बहीण. माझी ननेन मावशी होती, तुझीही मावशीच. मला नवरा नाही, मूल नाही, का नाही ते तुला मागच्या पत्रात लिहिलं. एवढी एक गोष्ट हक्काने माझी होती आणि ती तू माझ्या तोंडावरून काढून घेतलीस. तोंडावरून म्हणजे खरंच तोंडावरून, माझ्या रंगामुळे. मला तुझा इतका राग आला होता ओदाली, की तुझे केस विंचरताना मी कंगवा ओढून ओढून फिरवला. तुला वाटलं, गुंता.

सकाळी मी मादाम आल्सेला निरोप पाठवला की बाळाला ताप आहे, रविवारी बघू. आणि बाळाला आईच्या लेसमध्ये गुंडाळून स्वतः घेऊन गेले.

म्हातारे फादर टेबलापाशी होते. दोन्ही वह्या पुढ्यात. त्यांनी लेस बाजूला करून बाळाचं तोंड पाहिलं आणि लाल वही उघडली. अगदी तू म्हणाली होतीस तशीच. टाक बुडवला, तारीख लिहिली. मला म्हणाले, "दाई, तू तिथे भिंतीपाशी उभी राहा. बाळाची ननेन कुठे आहे?"

ओदाली, मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मालकीणबाई आजारी आहेत, त्यांच्या वतीने मी उभी राहते. असं चालतं, रोज चालतं. तुझं बाळ लाल वहीत गेलं असतं. ते शब्द माझ्या ओठांवर होते.

मी म्हटलं, "मी दाई नाही, फादर. मी तिची सख्खी मावशी. ननेन मीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाळाकडे पाहिलं. रागावले नाहीत. लाल वहीतल्या तारखेवर एक आडवी रेघ मारली, वही मिटली आणि करडी ओढली. पुन्हा तारीख लिहिली. जरा विचार करून, मनात काही मोजून, बाळाच्या नावापुढे लिहिलं, ओक्तोरोन. चार शब्द बोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मी तुझ्या मुलीला एका वहीतून दुसऱ्या वहीत टाकलं. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. ती माझ्या हातात होती, फादरांनी विचारलं, "तू हिच्या वतीने सैतानाचा त्याग करतेस का?" आणि मी "करते" म्हटलं, ते इतकं जोरात की घंटा वाजवणारा म्हातारा, ज्याला मी धर्मपिता म्हणून उभं केलं होतं, तो दचकला. पाणी पडलं तेव्हा ती रडली नाही. तिने माझं बोट धरलं. आपल्याकडच्या रीतीने मी तिला माझं नावही दिलं. मारी लेओनीद सेलानीर. हे तुला ठाऊकच नाही, तुझ्या मुलीचं पूर्ण नाव.

घरी आले. तू विचारलंस, "कुठली वही?" मी म्हटलं, "लाल." तू माझ्या गळ्यात पडून रडलीस आणि म्हणालीस, "ताई, तू नसतीस तर!" नवव्या दिवशी तुझे चाळीस दिवस संपले आणि तुम्ही बोटीत बसलात. मादाम आल्सेला मी सांगितलं, ताप वाढला म्हणून घाईत उरकावं लागलं. पुढच्या वर्षी ती हवानाला गेली, तिकडेच वारली. विचारणारं कोणी उरलं नाही.

मी तेवीस वर्षं हे कोणाला सांगितलं नाही. फक्त दर सतरा फेब्रुवारीला चर्चमध्ये एक मेणबत्ती लावते. कबुलीजबाबात सांगितलं का, असं विचारशील. नाही. सांगितलं असतं तर पश्चात्ताप आहे म्हणावं लागलं असतं, आणि तो पुरता नव्हता. मी तिची ननेन आहे, याचा मला रोज आनंद होत होता.

आता गेल्या मंगळवारचं ऐक.

मी झगे घेऊन गेले. फादर वेंडेलच्या हातात सेंट लुइसचं पत्र होतं, त्यात मुलीचं आणि गुस्तावचंच नाव, तुझं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं आलात. तुम्ही इथल्या जुन्या. ही मारी लेओनीद, १८७०, आठवते का? लाल वहीत नाव सापडत नाही. पण हे बघा." आणि त्यांनी लाल वही माझ्याकडे फिरवली. ती तारीख. तिच्यावर ती आडवी रेघ. बाकी ओळ कोरी.

"तारीख लिहून खोडलीय," ते म्हणाले. "म्हणजे त्या दिवशी इथे कोणीतरी आलं होतं. मग दुसऱ्या वहीत असेल का?" आणि सहज, कपाटातून साखर काढावी तसा त्यांनी करड्या वहीकडे हात नेला.

तुला खोटं सांगणार नाही, आता तर नाहीच. मला वाटलं, काढू दे. काढू दे वही, वाचू दे नाव, जाऊ दे तो कागद सेंट लुइसला. मार्टिनच्या आईने चष्मा लावून वाचू दे. मग ती मुलगी इकडे येईल, तिला दुसरं जायला ठिकाण नसेल, आणि मी दार उघडून म्हणेन, ये, मी तुझी ननेन. हे सगळं मी त्या एका क्षणात बघितलं, तिचा हात, तिची पेटीसुद्धा बघितली. मग मला तिचा फोटो आठवला. ती त्यात हसतेय, ओदाली. कोणाला मोजल्यासारखं नाही, आपल्याला कोणी मोजतंय असंही नाही. आपल्या घरात असं कोणी हसलेलं मी पाहिलं नाही. आईसुद्धा टोपी सांभाळून हसायची.

मी म्हटलं, "त्या वहीत नाही, फादर. त्या वहीतली सगळी माणसं मला ठाऊक आहेत."

त्यांचा हात थांबला. "मग ही तारीख?"

"म्हाताऱ्या फादरांच्या शेवटी शेवटी हात चुकायचा. आणि हे कुटुंब घाईत गेलं. बाळ आजारी होतं. बाप्तिस्मा राहून गेला असेल."

"तुम्ही त्यांना ओळखत होता?"

"हो."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"कपडे धूत होते त्यांचे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटायला काहीच वेळ लागला नाही. मग त्यांनी कागद लिहिला, की शोध घेतला, नोंद आढळली नाही, मुलीला सशर्त बाप्तिस्मा द्यावा, म्हणजे आधी झाला नसेल तर हा धरावा. हे नेहमीचंच आहे, काका नाक मुरडणार नाहीत. अशी माणसं शेकड्याने आहेत, ज्यांची पानं युद्धात नाहीतर पाण्यात गेली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. बायबलवर हात ठेवून सांगावं लागलं. मी ठेवला. शपथ घेतली की या चर्चमध्ये या मुलीचा बाप्तिस्मा झाल्याचं मला माहीत नाही. तिच्या वतीने सैतानाचा त्याग करते असं जिने जोरात सांगितलं होतं, तीच मी. फादरांनी माझ्या नावापुढे काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला शिकवलंय ना, बघा आणि लिहा." ते लाजले. म्हणाले, "मला नाही जमत ते." आणि नुसतं लिहिलं, सेलानीर देलाशेज, धोबीण.

कागद बुधवारी टपालात गेला. तुमच्याकडे पोचलाही असेल.

करडी वही मी फाडली नाही. फाडता आली असती, फादर झगे ठेवायला आत गेले होते. पान काढून बघितलं मात्र. एकशे एकेचाळिसावं. शाई तपकिरी झालीय. तिचं नाव आहे, तुझं आहे, माझं आहे, आणि तो शब्द आहे. मी बोट ठेवून सगळं वाचलं आणि मिटून जागेवर ठेवलं. सूचीत त्यांना ते पान केव्हातरी दिसेल. तोवर लग्न होऊन जाईल, आणि ते मला विचारतील तर मी बघून घेईन.

आता तुला राग येईल. आला तर येऊ दे, माझा तुझ्यावरचा राग तेवीस वर्षं पुरला, तुझाही काही वर्षं पुरेल. पण लेओनीदला यातलं काही सांगायचं की नाही हे आज ठरवू नकोस. आधी लग्न होऊ दे. तिला हसू दे. नंतर कधीतरी, तिला बाळ होईल तेव्हा, कोणाच्या चेहऱ्याकडे बघून कोणती वही उघडतील याची धास्ती तुला बसेल. तेव्हा तू एकटी भिऊ नकोस एवढंच सांगते. तिच्याशी बोल.

सशर्त बाप्तिस्म्याला ननेन लागेल. मार्टिनची आई पुढे येईल, येऊ दे. नाव विचारतील तेव्हा मारी लेओनीद एवढंच सांग. बाकीचं नाव इकडचं आहे, उगाच कोणीतरी विचारेल कुठून आलं. त्या दिवशी तिला आईची लेस घालावी असं मला फार वाटतं. या पत्राबरोबर पाठवतेय, धुऊन, खळ घालून. कुठून आली असं कोणी विचारलं तर सांग, एका जुन्या धोबिणीने दिली.

ननेन कोण झाली ते मात्र मला कळवू नकोस.

तुझी बहीण,
आणि गेल्या मंगळवारपर्यंत लेओनीदची ननेन,
सेलानीर